बुधवारची संगती बंद होणार नाही

जय ख्रिस्त मंडळी. दोन आठवडे लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

ऐरोलीतल्या आमच्या घरसंगतीत, म्हणजे घरी जमून होणाऱ्या प्रार्थनेत, त्या बुधवारी काय झालं ते बऱ्याच जणांना अर्धवट कळलंय म्हणून आधी नीट सांगते. मावशींच्या वन रूम किचनमध्ये आम्ही चौदा जण होतो, त्यात तीन लहान मुलं. दुसरं भजन चालू असतानाच दारावर थापा पडल्या, सात-आठ पोरं, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालूच. किती पैसे मिळतात, कोणाला बाटवताय, आधार कार्ड काढा. मावशींच्या हातातलं शास्त्र, म्हणजे बायबल, एकाने हिसकावून घेतलं. मग पोलीस आले आणि जावं लागलं ते आम्हालाच, रात्री साडेअकरापर्यंत बाकड्यावर बसून होतो, गुन्हाच नव्हता तर दाखल काय करणार, सोडलं. पण तोपर्यंत व्हिडिओ सगळीकडे गेला होता. चार दिवसांनी घरमालकाचा मावशींना फोन, खोली रिकामी करा.

पुढच्या बुधवारी पाच जण आले. मी कोणाला दोष देत नाहीये, मी स्वतः रिक्षात बसेपर्यंत जाऊ का नको करत होते. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्यातली एक ताई शेजारी सांगायला लागलीये की रविवारी सकाळी मी शिवणक्लासला जाते. एका भावाने डीपीवरचा क्रूस काढला. आणि एक जण म्हणतो आता त्या लोकांशी संबंधच नको, दिवाळीचा फराळ आला तरी परत पाठवायचा. मला हे तिन्ही एकाच जागेवरून आलेलं वाटतं. दारावर थापा एकदाच पडल्या, कड्या मात्र आपण रोज एकेक लावत चाललोय.

भीती वाटते म्हणजे तुमचा विश्वास कमी आहे असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. येशूचा शिष्य पेत्र आठवा, येशूला धरून नेलं त्या रात्रीचा. कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता, एका दासीने नुसतं विचारलं, हातात तलवार नाही काही नाही, तरी हा म्हणाला मी त्या माणसाला ओळखत नाही, आणि असं तीनदा. त्याच पेत्राने पुढे गलतिया, कप्पदुकिया अशा ठिकाणी विखुरलेल्या विश्वासणाऱ्यांना पत्र लिहिलं, ते पहिलं पत्र मी या दिवसांत चार वेळा वाचलं. त्यात बोलणं जास्त कशाबद्दल आहे बघा, निंदेबद्दल, अपमानाबद्दल, तुम्ही पूर्वीसारखे आमच्यात येत नाही म्हणून नावं ठेवणाऱ्यांबद्दल. म्हणजे सोसायटीत, नळावर, लिफ्टमध्ये जे चालतं तेच. आणि तो सांगतो, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. त्या ताईला मी फोनवर एवढंच म्हटलं, अगं "प्रार्थनेला जाते" एवढं सांग ना, त्यापुढे एक शब्द नको. ती रडली. मीपण रडले.

त्याच पत्रात एक वाक्य आहे ते आपण भराभर वाचून पुढे जातो. दुःख सोसायचं तर खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून सोसू नका. हे आपल्यालाही लागू आहे हो. रात्री दहानंतर स्पीकर लावला, जिन्यात चपलांचा ढीग घातला, कोणाच्या आजारपणात जाऊन आमच्याकडे या म्हणजे बरे व्हाल असं म्हटलं, दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवली, आणि मग कोणी बोललं तर त्याला छळ म्हणायचं नाही. तिथे माफी मागायची.

आता ते "परदेशी धर्म" आणि "कितीला विकले गेलात" हे टोमणे. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातले, गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना बंदी होती, अक्षर शिकले ते मिशनच्या शाळेत, अमेरिकन मिशनचं काम नगरला 1831 पासून होतं. मिळालं ते एवढंच, पाटीवर स्वतःचं नाव लिहिता आलं. आपण पेटी-तबल्यावर ज्यांची भजनं म्हणतो ते नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बायको, मूल, नातलग सगळं तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षांनी आल्या त्या स्वतःच्या मनाने, कोणी ओढून आणलं नाही. घरच्यांनी बोलणं टाकलेली आपल्यातली जी दोन पोरं आहेत त्यांनी हे जरूर आठवावं.

आणि ठाणेकरांनो, तलावपाळीला आपण चक्कर मारतो, पलीकडे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च दिसतं, पण 1321 च्या एप्रिलमध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (एक कॅथलिक संन्यासी संघ) बंधूंना विश्वासासाठी मारलं हे किती जणांना माहितीये? टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती. इथे आधीपासून राहणाऱ्या नेस्टोरियन (पूर्वेकडचा एक जुना ख्रिस्ती पंथ) कुटुंबात ते उतरले होते, म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही इथे आपल्यासारखी घरं होती आणि पाहुण्याला जागा देणारी होती. वसईचे संत गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रूसावर गेले, एकूण 26 जणांबरोबर. हे कोणावर राग धरायला सांगत नाहीये, सातशे वर्षांपूर्वीचा हिशोब आजच्या शेजाऱ्याकडे मागायचा नसतो. फक्त आपण इथे कालपरवा आलेलो नाही.

काही जण म्हणतात क्षमा करायची मग तक्रार कशाला. बायबलमधले प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात फटके खाऊन मध्यरात्री गाणी गात होते हे आपण नेहमी सांगतो, पण सकाळी काय झालं ते सांगत नाही. गुपचूप निघून जा असा निरोप आला तर पौल म्हणाला आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता फटके मारलेत, आता स्वतः या आणि बाहेर काढा. आणि ते आले. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांनी 1999 मध्ये ओडिशात नवरा आणि दोन लहान मुलं जाळली गेल्यावरही क्षमा केली, तरी खटला चाललाच, आणि त्या बारीपाद्यात कुष्ठरोग्यांमध्ये पुढची काही वर्षं काम करत राहिल्या. तेव्हा संविधानाचं कलम 25 मोबाईलमध्ये मराठीत सेव्ह करून ठेवा, नीट वाचा, त्यात हक्कही आहे आणि सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादाही आहे. चौकीत बोलावलं तर एकट्याने जाऊ नका, आवाज चढवू नका, न वाचता कशावर सही करू नका. ओळखीतल्या वकीलताईंच्या मदतीने आम्ही लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीये.

एक गोष्ट राहिली. मावशींच्या समोरच्या काकू, रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात त्या. हिसकावलेलं शास्त्र जिन्यात पडलं होतं ते त्यांनी उचललं, पुसलं आणि दोन दिवस आपल्या देवघराच्या बाजूला फडक्यात बांधून ठेवलं. मावशींना आणून दिलं तेव्हा म्हणाल्या, "पान दुमडलंय एक, मी सरळ केलं नाही, म्हटलं खूण असेल." फराळ परत पाठवायचं म्हणणाऱ्या भावाने हे दोनदा वाचावं अशी माझी विनंती आहे.

मावशींना दिघ्याला खोली मिळालीये, सामान शनिवारी हलवायचंय, टेम्पो ठरलाय, उचलायला चार माणसं हवीत. बुधवारी साडेसातला तिथेच. पेटी माझ्याकडे आहे, तबला कोण आणणार ते सांगा. मुलांनाही घेऊन या.