दोन माग विकून दोन कान

आमच्या इचलकरंजीत कुणी हळू बोलत नाही. हळू बोलणारा एक तर परगावचा पाव्हणा असतो, नाहीतर हातउसने पैसे मागायला आलेला असतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून गाव जे ओरडून बोलायला लागलं, ते आजतागायत. त्यामुळे एखाद्याला कमी ऐकू यायला लागलंय हे आमच्याकडे लवकर उघडकीला येत नाही. माझं यायला एकतीस वर्षं लागली.

खाली आठ साधे माग आणि वर आम्ही, असं आमचं घर. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना फाडकन् आवाज होतो, आणि असं मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा होतं. गुणिले आठ करा. बाराशे दणके मिनिटाला, आणि त्यावर आमच्या दोन्ही पोरांचे पाळणे हलले. पोरं कधी आवाजानं उठली नाहीत. लाईट गेली, माग थांबले की मात्र सगळं घर खडबडून जागं व्हायचं आणि त्या शांततेत एकमेकांना "काय झालं? काय झालं?" विचारायचं. तेही ओरडूनच.

दोन वर्षांपूर्वी साधे माग परवडेनासे झाले. एकेक करत भंगारात गेले. शेवटचा माग टेम्पोत चढला त्या रात्री मला झोप लागेना, कारण खाली काही नसताना कुठंतरी एक माग चालूच होता. बारीक, एकसुरी, रातकिड्यासारखा. मी उठून शेजारच्यांची कडी वाजवली. म्हटलं, रात्रीचं तरी बंद ठेवा की. तो पोरगा डोळे चोळत म्हणाला, "काका, आमचे माग दिवाळीपासून बंद हायेत." माझ्या तोंडाचा वास येतोय का, हेही त्यानं जरा वाकून पाहिलं.

पुढं डॉक्टरांनी सांगितलं की तो माग माझ्याच डोक्यात चालू आहे. कानातल्या पेशी गेल्या की मेंदू असला आवाज स्वतःच तयार करून ऐकत बसतो म्हणे. पण ते पुढं. तेव्हा मला ठाम माहीत होतं की माझे कान ठणठणीत आहेत आणि बाकीच्या जगाची वाचा बसलीय. पुण्यातला मुलगा फोनवर पुटपुटतो. बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडात सुपारी आहे. नातीला शाळेत तोंड उघडून बोलायला शिकवत नाहीत. मी टीव्हीचा आवाज चाळीसवर न्यायचा आणि सौ.नं येऊन पंधरावर आणायचा. "कानात बोळे घातलासा काय? साऱ्या गल्लीला बातम्या कळाल्या!" माझ्या बहिरेपणाची पहिली फिर्याद हिचीच. शेवटपर्यंत सरकारी वकीलही हीच.

हिच्याबद्दल माझी एकच तक्रार होती. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, पण दिवा मालवला की हिची बोलती बंद. काही विचारा, उत्तर नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की बाई पडल्या पडल्या झोपते. काही वेळा वाटायचं, रुसलीय.

प्रकरण विकोपाला गेलं ते पुतण्याच्या लग्नात. त्यानं फोनवर तारीख सांगितली, मी कॅलेंडरवर अठराला गोल केला. पत्रिका मोबाईलवर आली होती, पण ती उघडायला नातू लागतो. हिचा गुडघा दुखत होता म्हणून अठराला मी एकटाच जयसिंगपूरच्या हॉलवर गेलो. नवरदेव ओळखीचा वाटेना. म्हटलं, फेट्यामुळं असेल. अक्षता टाकल्या, पाचशे एकचं पाकीट दिलं, फोटो काढला, जेवलो. जिलेबी गरम होती, दोनदा घेतली. घरी आलो तर ही दारातच. "फोन आलता. काका काल का आलं न्हाईत म्हणून." लग्न सतराला होतं. अठराला मी नेमका कुणाचा काका होऊन जेवलो, ते अजून समजलेलं नाही. त्यांच्या अल्बमात मात्र मी आहे.

तरीही डॉक्टरकडे जायच्या आधी मी स्वतःचे सगळे उपाय करून घेतले. आमच्या चौकातला प्रत्येक माणूस कानाचा तज्ज्ञ आहे. एकानं लसूण घालून तेल कडवायला सांगितलं, एकानं कापसाची काडी, आणि स्कूटरच्या किल्लीला तर मी लहानपणापासून मानत आलोय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मळ आपोआप बाहेर येतो. तुम्ही तो काडीनं आत ठासलाय." पाच दिवस थेंब घातले, मग त्यांनी छोट्याशा नळीनं ओढून काढला. निघालेला ऐवज पाहून मला वाटलं, संपलं दुखणं. डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी कोपरावर आपटून आधी कानामागच्या हाडावर टेकवलं, मग कानासमोर धरलं आणि विचारलं, कुठं मोठं ऐकू येतं? मी म्हटलं, समोर. त्यांनी मान हलवली. हाडावर मोठं आलं असतं तर बिघाड बाहेरच्या किंवा मधल्या कानात असता, आणि तो बऱ्याचदा दुरुस्त करता येतो. माझा आतल्या कानातला होता.

मग तपासणीची खोली. चहूबाजूंनी स्पंज, जाड दार, आणि आत मी आणि माझा माग. कानाला हेडफोन, हातात बटण. "पी असा आवाज आला की दाबा," काचेपलीकडची मुलगी म्हणाली. सुरुवातीला दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. आता इतक्या लांबून आलोय, मुलगी मान खाली घालून बसलीय, तर गप्प बसणं बरं दिसेना. मी अंदाजानं मधूनमधून दाबत राहिलो. तिनं दार उघडलं. "आजोबा, मी आत्ता काहीच वाजवत नव्हते."

रिपोर्ट म्हणजे आलेख. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. माझी रेघ सुरुवातीला बरी चाललेली आणि चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली. आवाजानं गेलेल्या कानाची ही सही असते, ती म्हणाली. बोलण्यातले स्वर जाड आणि दमदार असतात, ते पोचतात. स, श, ख, थ असली अक्षरं बारीक आणि वरच्या पट्टीतली, ती त्या विहिरीत जातात. सतरातला स असाच बुडाला होता. "म्हणजे ताणा येतोय, बाणा येत नाही," मी म्हटलं. ताणा म्हणजे कापडातला उभा धागा, बाणा म्हणजे आडवा. ती कोकणातली होती, तिला काही कळलं नाही. पण आमच्या गावात एवढ्यावर कुणालाही कळलं असतं.

तिनं हिशेब सांगितला तेव्हा मात्र मी बसलो. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला ८ तास, इथवर कान सोसतात. पुढं दर ३ डेसिबेलला वेळ निम्मी. मागाच्या कारखान्यात शंभराच्या आसपास आवाज असतो, म्हणजे दिवसाला १५ मिनिटं. आमची पाळी बारा तासांची. सकाळी सातला पाळी सुरू व्हायची, म्हणजे सव्वा सातला माझा दिवसाचा कोटा संपलेला, आणि उरलेले पावणेबारा तास मी भांडवलातून ऐकत होतो. भांडवल तरी किती? एका कानात पंधरा हजारांच्या आसपास केसाळ पेशी, आणि गेलेली एकही परत येत नाही. माणसात. कोंबडीत येते. हे खरं आहे, पक्ष्यांच्या कानात त्या पुन्हा उगवतात. रविवारी तांबड्या रश्शातल्या कोंबडीकडे मी आता पूर्वीसारख्या नजरेनं पाहू शकत नाही.

आमचे कामगार कानात वेस्ट सुताचा बोळा घालायचे आणि मीही घालायचो. त्यानं फारसं काही अडत नाही, हे तिथंच कळलं. त्यासाठी स्पंजची बुचं मिळतात. बोटात बारीक वळायची, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत सारायचं आणि फुगेपर्यंत दाबून धरायचं. किंमत चहाच्या दोन कपांची. मी आठ मागांचा मालक होतो आणि तेलपाणी फक्त मागांचंच केलं. डॉक्टर आणखी एक बोलले, ते इथं सांगून टाकतो: रात्रीत अचानक एक कान गेला तर मळ असेल, सर्दी असेल म्हणून बसू नये, एक-दोन दिवसांत डॉक्टर गाठावा. तेव्हाच्या औषधानं तो पुष्कळदा परत येतो. माझ्यासारखा एकतीस वर्षांत हप्त्याहप्त्यानं गेला तर फक्त मशीन.

मशीनची किंमत ऐकायला मशीन लागलं नाही. भंगारातल्या दोन मागांचे आले होते तेवढ्यात दोन कान बसले. बॅटरी शर्टाच्या गुंडीएवढी, तिच्यावर नारिंगी चिकटपट्टी. पट्टी काढली की तिला हवा लागते आणि ती चालू होते; मिनिटभर थांबून मग घालायची. पहिल्याच दिवशी मी पाकिटातल्या सहाच्या सहा पट्ट्या काढून बघितल्या, माल बरोबर आहे का. सहाही एकदमच वारल्या.

आणि आवाज! वर्तमानपत्राचं पान उलटलं की पत्र्यावर पाऊस. लेंग्याला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी एक तास घालायचं होतं, मी चाळीस मिनिटांत काढलं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. नातीनं मिठी मारली की मशीन शिट्टी मारतं, त्यामुळे ती आता दिवसातून वीसदा मारते.

मशीन जुळवायला गेलो तेव्हा ही बरोबर होती. मला सगळं कसं समजत नाही, याची साक्ष द्यायला. ती मुलगी माझ्या मशीनची परीक्षा घेत होती. तोंडासमोर कागद धरायची आणि शब्द म्हणायची. पाटी. सासू. खिसा. मी दहातले आठ सांगितले. मग गंमत म्हणून तिनं तोच कागद तसाच धरून हिला विचारलं, "आजी, सकाळी काय खाऊन निघालात?"

ही हसतमुख बसलेली. उत्तर नाही.

तिनं पुन्हा विचारलं. ही माझ्याकडे बघायला लागली. मुलीनं कागद खाली घेतला आणि तोच प्रश्न केला. "पोहे की," ही ताबडतोब म्हणाली.

अर्ध्या तासानं हिचा आलेख माझ्या शेजारी होता. माझ्या खाली, असं म्हटलं पाहिजे. ही लग्नाआधीपासून माहेरी मशीनवर कांड्या भरायला, म्हणजे धोट्यातल्या कांडीवर सूत गुंडाळायला बसायची. दोन मशीनच्या पलीकडच्या मैत्रिणीशी आवाजानं बोलणं शक्यच नसायचं. बोलायच्या त्या ओठांनी. इंग्लंडात लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या बायकाही अशाच बोलायच्या, तिकडं त्याला 'मी-मॉ' असं नावसुद्धा होतं. आमच्या गावाला उगीच मँचेस्टर म्हणत नाहीत. कोरोनात ही भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी का भांडली, "फडकं बांधल्यापासनं माणसं तोंडातल्या तोंडात बोलाय लागल्यात" असं का म्हणायची, ते मला त्या आलेखासमोर एकदम समजलं. टीव्हीचा आवाज ही कमी करायची, कारण तिला तो लागतच नव्हता. बातम्या देणारी बाई समोर तोंड दाखवत होती तेवढं पुरत होतं.

परतीच्या एसटीत ही एक शब्द बोलली नाही. आता आणखी दोन मशीनं घ्यायची म्हणजे विकायला माग शिल्लक नव्हते.

रात्री मी मशीनं डबीत ठेवली, दिवा मालवला आणि अंधारात म्हणालो, "तुझा रिपोर्ट माझ्यापेक्षा वाईट आलाय, लक्षात आहे ना?"

काही नाही. मग खाट हलली आणि दिवा लागला. ही उठून बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"आता बोला," म्हणाली. निदान ओठांवरून तरी तसं वाटलं.