अंगठा उमटला नाही तर

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंबरोबर रेशन दुकानात गेलो होतो. काकूंनी सत्तरी ओलांडली आहे आणि सोलापुरात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे विड्या वळल्या आहेत. बोटांचे ठसे आधारमधल्या ठशांशी जुळले तरच धान्य देऊ देणाऱ्या ई-पॉस यंत्रावर त्यांनी आधी उजवा अंगठा ठेवला, मग डावा, मग पदराला पुसून एकेक बोट ठेवून पाहिले. यंत्राने प्रत्येक वेळी नकारच दिला. दुकानदार जुना ओळखीचा. तो म्हणाला, "काकू, मी तुम्हाला ओळखतो, पण मशीन ओळखत नाही, त्याला मी काय करू?"

त्याची अडचण खरी होती, म्हणूनच ते वाक्य मनातून जात नाही. समोरच्या बाईला तिच्या नावानिशी ओळखणारा माणूस तिला धान्य देऊ शकत नव्हता, कारण ओळखण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून यंत्राला दिलेला होता.

तो अधिकार काढून का घेतला गेला, हेही विसरता येत नाही. बोगस कार्डे, नोंदवहीत परस्पर उठवलेले अंगठे आणि काळ्या बाजारात जाणारा गहू हे सारे आपण पाहिलेले आहे. यंत्र आल्यावर त्याला बराच आळा बसला. शिवाय याच यंत्रामुळे बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूर किंवा सांगलीकडच्या दुकानातूनही आपले धान्य उचलू शकतो. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात राज्याबाहेरही धान्य घेण्याची सोय सुरू झाली. पूर्वी गाव सोडले की कार्ड निरुपयोगी होत असे, त्यामुळे ही सुधारणा मी फार मोठी मानतो. यंत्र उचलून फेकून द्या, असे मला मुळीच म्हणायचे नाही.

माझा आक्षेप एवढाच आहे की यंत्र चुकले तर त्या चुकीचा भार कोणी वाहायचा, हे ठरवताना आपण सर्वांत दुबळ्या माणसाकडे बोट दाखवले. विडी वळणारीची, वीटभट्टीवरच्या मजुराची, आयुष्यभर धुणीभांडी करणाऱ्या बाईची बोटे झिजतात आणि वयाबरोबर त्वचेवरच्या रेषा आणखी पुसट होतात. म्हणजे ज्यांनी हातांनी सर्वाधिक काम केले, त्यांचेच हात यंत्राला वाचता येत नाहीत. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला होता. योजना कोणासाठी आहे, हे त्या दिवशी तरी सर्वांना ठाऊक होते.

ठसा जुळला नाही तरी धान्य देण्याची वाट कायद्याने बंद केलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात, केवळ बोटांचे ठसे जुळले नाहीत म्हणून पात्र व्यक्तीला लाभ नाकारला जाऊ नये आणि तिची ओळख अन्य मार्गाने पटवावी, ही भूमिका स्पष्ट केली आहे. करोनाच्या काळात तर आपल्या राज्याने लाभार्थ्याचा अंगठा न घेता दुकानदाराच्या अंगठ्यावर धान्य वाटू दिले होते. तेव्हा संसर्गाची भीती सर्वांनाच होती, म्हणून पर्याय लगेच सापडला. अंगठा न उमटण्याची भीती मात्र काकूंसारख्यांनाच असते. (हे वाक्य थोडे कडवट आहे याची मला कल्पना आहे.)

मग व्यवहारात काय व्हावे? मोबाइलवर येणारा ओटीपी हा पर्याय काकूंच्या कामाचा नाही, कारण त्यांच्याकडे मोबाइल नाही. नव्या यंत्रांना बुबुळांचा स्कॅनर आहे, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांचा भरवसा किती धरायचा? माझ्या मते शेवटचा पर्याय माणूसच असला पाहिजे. ठसा जुळला नाही, तर दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत नोंद करावी, गावातल्या किंवा प्रभागातल्या दोघांची साक्ष घ्यावी आणि धान्य त्याच दिवशी द्यावे. चौकशी नंतर होऊ द्या, आणि ती पुरवठा कार्यालयाने करावी. त्यासाठी काकूंना तहसीलच्या खेपा घालायला लावू नयेत. दुकानात भाव आणि साठ्याचा फलक असतो, त्यावरच ही सोय ठळक अक्षरांत लिहावी, म्हणजे मागणाऱ्याला ती उपकार म्हणून मागावी लागणार नाही.

त्या दिवशी काकूंचे काम झाले ते नातवामुळे. त्याचे नाव कार्डावर होते, तो धावत आला आणि त्याचा अंगठा पहिल्याच वेळी लागला. तो आता पुण्याला कामाला जाणार आहे.