बॉयकॉट, बहिष्कार आणि वाळीत

माझी आत्या रायगड जिल्ह्यात एका वाडीत राहते. चार वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या घराला गावकीने वाळीत टाकलं. कारण जमिनीच्या वादाचं होतं. त्या घरातला म्हातारा गेला तेव्हा तिरडीला खांदा द्यायला चार माणसं जमेनात. माझा आतेभाऊ गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाही दंड लागला.

पुढे त्याची बातमी छापून आली. मथळा होता, ‘कुटुंबावर सामाजिक बहिष्कार’. आत्याने चष्मा लावून तो वाचला आणि म्हणाली, “बहिष्कार कसला रे? बहिष्कार विलायती कापडावर घातला होता, टिळकांच्या वेळी. ह्यांना वाळीत टाकलंय.”

तेव्हापासून हे शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. आज आपण ‘बहिष्कार’ म्हणतो तेव्हा पाठीमागे इंग्रजीतलं ‘बॉयकॉट’ हे क्रियापद उभं असतं. ते आलं कुठून, हे आपल्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बॉयकॉट हे एका माणसाचं आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. पिकं बुडाली होती, कुळं कर्जात होती. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, लॉर्ड १० टक्क्यांवर अडला. सप्टेंबरात बेदखलीच्या नोटिसा घेऊन माणूस आला तेव्हा बायकांनी त्याला चिखल फेकून पळवून लावलं. मग गाव बॉयकॉटच्या घरी गेलं आणि त्याच्या गड्यांना काम सोडायला लावलं. शेतावर मजूर येईनात, लोहार घोड्याला नाल मारेना, कपडे धुणारी बाई यायची थांबली, टपाल आणणारा पोरगा थांबला, जवळच्या बालिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. लॉर्डाला जमिनीच्या खंडातून पैसा मिळे, पण त्याच्या कारभाऱ्याची भाकरी गावातल्या हातांवर चालत होती. ते सगळे हात एकदम मागे झाले.

त्याचं पीक काढायला उत्तरेकडून पन्नास स्वयंसेवक आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला जवळपास हजार शिपाई-पोलीस. पाचशे पौंडांच्या आसपासच्या पिकासाठी सरकारचे सुमारे दहा हजार पौंड गेले असं तेव्हा बोललं गेलं. नोव्हेंबरअखेर बॉयकॉट कुटुंबासह तिथून निघाला आणि १ डिसेंबरला आयर्लंड सोडून इंग्लंडला गेला.

क्रियापद घडलं ते गावचे धर्मगुरू फादर ओमॅली आणि अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांच्या बोलण्यात. समाजाबाहेर काढण्यासाठी इंग्रजीत ग्रीकमधून आलेला जड शब्द होता, तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नव्हता. म्हणून त्या माणसाचं नावच क्रियापद झालं. नोव्हेंबरात लंडनच्या टाइम्समध्ये ते छापून आलं आणि काही वर्षांत फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, सगळ्यांनी उचललं.

इथवर गोष्ट स्वच्छ आहे. दुबळ्यांनी दांडग्याशी व्यवहार तोडला, तोही बंदूक न उचलता. पण त्याच सप्टेंबरात आयर्लंडमधल्याच एनिस गावच्या सभेत कुळांच्या चळवळीचे नेते पार्नेल यांनी जे सांगितलं ते वाचून मी थबकलो. बेदखल झालेल्या शेजाऱ्याची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. त्यांनी दुसरा मार्ग सांगितला: तो रस्त्यात भेटला, दुकानात भेटला, बाजारात भेटला, अगदी देवळात भेटला तरी त्याला टाळा, पूर्वी महारोग्याला टाळत तसं. म्हणजे ते बोट जमीनदाराकडे नव्हतं, दुसऱ्या एका कुळाकडे होतं. आणि उपमा होती ती गावाबाहेर ठेवलेल्या माणसाची.

हे आपल्याला नवं नाही. बॉयकॉटच्या सहा वर्षं आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात हेच घडलं. काळूराम या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टातून हुकूमनामा आणला आणि घर पाडायला घेतलं. गाव चिडलं. सावकारांच्या दुकानातून कुणी काही घेईना, त्यांची शेतं कुणी कसेना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, सगळ्या बलुतेदारांनी त्यांचं काम थांबवलं. हे लोण पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्यात पसरलं. पुढच्या मे महिन्यात सुप्यात दंगा झाला, सावकारांची कर्जखतं जाळली गेली, आणि इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ एवढंच नाव उरलं. त्याआधीची ती शांत कोंडी फारसं कुणी सांगत नाही. मेयोच्या लोहाराला जगाने शब्द दिला, करड्याच्या लोहाराला दिला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण करड्याच्या लोकांना हे हत्यार सुचलं कुठून? ते गावात आधीपासूनच होतं. जातपंचायत, गावकी, ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर काढण्याचं प्रकरण. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य झालं, त्यात टिळक आणि रानडे दोघेही सापडले होते. त्याच टिळकांच्या चतुःसूत्रीत १९०५ नंतर स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाबरोबर बहिष्कार आला. ‘बॉयकॉट’ला मराठीत जातीबाहेर काढण्याचा जुना शब्द मिळाला आणि तो एकदम देशभक्तीचा झाला. आत्याच्या डोक्यात आहे तो हा बहिष्कार.

ज्यांच्यासाठी तो कधीच देशभक्तीचा झाला नाही, त्यांनी तो वेगळा वाचला. महाडला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकरांनी पाक्षिक काढलं. त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. गोलमेज परिषदेसमोर त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. कलमांचा मसुदा ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून जवळजवळ जसाच्या तसा घेतला होता. गावात जमीन, दुकान आणि मजुरी एकाच बाजूच्या हातात असेल तर कोंडी म्हणजे उपासमार, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

म्हणून मी आत्याच्या बाजूने आहे. बहिष्कार आणि वाळीत, हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. बॉयकॉटसाठी हजार शिपाई आले, आणि नको झालं तेव्हा त्याला निघून जायला जागा होती. आत्याच्या शेजाऱ्यांना कुठे जागा होती? पिढ्यांची जमीन तिथे, विहीर तिथे, स्मशान तिथे. त्यांच्यावर जे झालं त्याला विलायती कापडावरच्या बहिष्काराचं नाव दिलं की त्या अन्यायाला नकळत थोडी इज्जत मिळते. २०१६ च्या आपल्या कायद्यानेही ‘सामाजिक बहिष्कार’ हाच शब्द घेतला. कायदा मला हवाच आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, आणि असा कायदा करणारं आपलं राज्य पहिलं, याचा अभिमानही आहे. पण मथळे लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, ‘वाळीत टाकलं’ असं लिहा. आणि कुणी टाकलं, तेही लिहा.

कारण या शब्दांत कर्ता दिसेनासा होतो. इंग्रजीत ज्याला एकटं पाडलं त्याचं नाव राहिलं, पाडणारे विरून गेले. मराठीत ‘गावाने टाकलं’ एवढं म्हटलं की झालं.

आतेभाऊ तक्रार द्यायला गेला तेव्हा त्यानेही ‘गावकीने’ असंच लिहून नेलं होतं. लिहून घेणाऱ्या हवालदाराने कागद परत दिला. म्हणाला, “गावकी म्हणजे कोण? नावं लिहा.” आतेभाऊ बाकावर बराच वेळ बसून राहिला. मग त्याने अकरा नावं लिहिली. त्यातलं तिसरं त्याच्या सख्ख्या काकाचं होतं.