ओव्याची धुरी आणि अठ्ठाविसावा आठवडा

आई माझ्या बाळंतपणाला लेस्टरला आली तेव्हा तिच्या बॅगेत डिंक, आळीव, बाळंतशेपा, वेखंड आणि एक छोटं धुपाटणं होतं. गोवऱ्या मिळेनात म्हणून तिनं बार्बेक्यूच्या कोळशावर ओवा-वावडिंगाची धुरी केली. धुराचा अलार्म असा केकाटला की शेजारच्या आजी गाउनमध्येच दारात येऊन उभ्या राहिल्या. धुरी त्याच दिवशी बंद झाली. लाडू चालू राहिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस चाललेला वाद. सांगलीला माझ्या वहिनीला सातवा महिना लागलाय. मी सहज विचारलं, आरएसव्हीच्या लशीबद्दल तुझे डॉक्टर काही बोलले का? त्यावर मामांनी लिहिलं, "तिकडची फॅडं इकडे नकोत." मावशी म्हणाली, आईचं दूध हीच लस.

आरएसव्ही हा मोठ्यांना साधी सर्दी करणारा विषाणू. तान्ह्या बाळाच्या मात्र बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट्यानं बुजतात, छाती आत ओढली जाते, बाळ पिईनासं होतं. गावाकडे ज्याला 'डबा' म्हणतात, त्यातल्या कितीतरी बाळांना हाच असणार. 2019 साली जगभरात पाच वर्षांखालची सुमारे एक लाख मुलं यानं गेली असा अंदाज आहे. त्यातली जवळपास निम्मी सहा महिन्यांचीही नव्हती, आणि बहुतेक सगळी गरीब नि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली.

मावशीचं चूक नाही, अर्धवट आहे. दुधातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं, बाळाच्या घशा-आतड्याला अस्तरासारखी राखण करतात. पण रक्तातली प्रतिपिंडं जन्माआधीच वारेतून जातात, सगळ्यात जास्त शेवटच्या तीन महिन्यांत. आईजवळ असतील तेवढीच बाळाला मिळणार, आणि तीही हळूहळू ओसरणार. म्हणून आईची शिदोरी आधीच वाढवायची. इंग्लंडमध्ये 1 सप्टेंबर 2024 पासून अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर ही लस फुकट देतात. सात हजारांवर गरोदर बायकांच्या चाचणीत, लस घेतलेल्यांच्या बाळांमध्ये गंभीर आजार पहिल्या तीन महिन्यांत 82 टक्क्यांनी आणि सहा महिन्यांत 69 टक्क्यांनी कमी दिसला.

मी मावशीला विचारलं, तुझ्या वेळी धनुर्वाताची इंजेक्शनं घेतली होतीस ना? सुई तुझ्या दंडाला, राखण बाळाच्या नाळेची. 2015 साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, त्यात या इंजेक्शनांचा मोठा वाटा होता. आरएसव्हीच्या लशीची वाटही तीच. मावशीनं हात जोडलेली इमोजी टाकली. हो की नाही, कळलं नाही.

मामांना मात्र मी हसले नाही. त्यांनी वेळेआधीच्या बाळंतपणांची बातमी पाठवली होती, आणि ती खोटी नव्हती. दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच लशीची चाचणी 2022 मध्ये याच कारणानं थांबवली गेली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांतला हा फरकही जास्त दिसला तो आपल्यासारख्या देशांतच. इथे देतात ती लस वेगळी आहे, तिच्या चाचणीतला फरक किरकोळ होता, तरी अमेरिकेनं सावधगिरी म्हणून ती 32 ते 36 आठवड्यांतच द्यायला परवानगी दिली. ब्रिटननं 28 पासून दिली. तेव्हा 'तिकडे देतात' एवढ्यावर सांगलीत कुणी दंड पुढे करू नये. डॉक्टरांना आठवडे मोजून विचारावं.

शिवाय 'तिकडे' सगळं सुरळीत आहे असंही नाही. लस फुकट, दवाखान्यात बोलावून देतात, तरी पहिल्या हिवाळ्यात निम्म्याच्या आसपासच बायकांनी घेतली. मला तर विचारायचंच राहून गेलं होतं. ऑफिसातल्या तमिळ मैत्रिणीनं टोकलं म्हणून चौतिसाव्या आठवड्यात मीच मागून घेतली. आधी अंगात प्रतिपिंडं तयार व्हायची आणि मग वारेतून बाळाकडे जायची, म्हणजे हाताशी किमान दोन आठवडे हवेत. माझं थोडक्यात निभावलं.

मला खुपतं ते वेगळंच. या वादात ज्या बाईचा खरा संबंध आहे, ती आमच्या ग्रुपवर नाही. मेळघाटातल्या आदिवासी गावांत संशोधकांनी गावोगाव पाहणी केली तेव्हा आरएसव्हीनं गावातच, दवाखान्याबाहेर, दगावलेली बाळं सापडली. दवाखान्याच्या वहीत ती कधी चढलीच नसती. वहिनीचं बाळ आजारी पडलं तर दहा मिनिटांवर ऑक्सिजन आहे. मेळघाटात भर पावसाळ्यात ओढा उतरायची वाट बघावी लागते. तिथे ही लस कोण विकत घेणार? सरकारी लसीकरणात ती नाही. पण पोचवायची सोय आधीपासून आहे: तीच आशाताई, तीच नर्सबाई, धनुर्वाताचं इंजेक्शन टिपायचं तेच कार्ड. फॅड की गरज, हे भांडण बाजूला ठेवून मामांनी एकदा किंमत आणि सरकारी यादी यावर भांडावं. तावातावानं भांडणं त्यांना छान जमतं.

काल रात्री वहिनीचा वेगळा मेसेज आला. "ताई, आईंनी तिकडे सव्वा महिना कुणाला बाळाला हातच लावू दिला नाही, हे खरं का?"

अगदी खरं. सर्दी झाली म्हणून माझ्या नवऱ्यालाही आईनं चार रात्री बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपवलं होतं. जावई असून.