‘गुडघा दुखतोय ना, मग खेळ बंद’: हे अर्धवट आहे

आमच्या खो-खोच्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘वाढत्या वयात गुडघा दुखला तर ते वाढीचं दुखणं. कॅल्शियम द्या. व्यायामाने वाटी झिजते, खेळ पूर्ण बंद करा.’ तो वाचून दोघांचं मैदान सुटलं, म्हणून लिहितोय.

वाढीचं दुखणं असतं, पण ते लहान मुलांना संध्याकाळी-रात्री होतं, बहुतेकदा दोन्ही मांड्या-पोटऱ्यांत. सकाळी मूल हुंदडत असतं. तेरा वर्षांचा खेळाडू वाटीखालच्या टेंगळावर बोट ठेवून ‘सर, इथंच’ म्हणतो, ते निराळं. ते ऑसगुड-श्लॅटर, १९०३ साली दोन डॉक्टरांनी वेगवेगळं नोंदवलेलं. मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ वाटीवरून खाली नडगीच्या हाडावर जिथे पोचते, तिथलं हाड या वयात कच्चं असतं. चौकोनात बसलेला मुलगा ‘खो’ मिळताच उसळतो, तेव्हा दर वेळी तिथेच ताण येतो. कॅल्शियमची गोळी हा ताण कसा कमी करणार?

वाटी झिजण्याचं म्हणाल तर इथे दुखतं ते वाटीत नाहीच.

राहिलं ‘खेळ पूर्ण बंद’. उड्या आणि जोराचं धावणं काही आठवडे कमी करावंच लागतं, एवढं मेसेजमध्ये बरोबर आहे. पण नुसतं बसवून ठेवलं की मांडी आणखी कमजोर होते आणि परतल्यावर तेच दुखणं. डेन्मार्कमध्ये १० ते १४ वर्षांच्या ५१ मुलांना आधी भार कमी करून हलके व्यायाम दिले, मग टप्प्याटप्प्याने जड. १२ आठवड्यांनी ८० टक्के मुलांनी बरं वाटतंय असं सांगितलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हेही सांगायला हवं. आणि तोवर खेळात परतलेली मुलं जेमतेम १६ टक्के होती, वर्षभराने ६९. म्हणजे घाई नकोच. फिजिओथेरपिस्टला दाखवून सुरुवात भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसण्याने आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्याने करा. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी वाढलेलं चालत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खुब्याच्या सांध्याचं दुखणंही गुडघ्यात जाणवतं. मूल लंगडतंय, गुडघा सुजलाय, अडकतोय, ताप आहे किंवा दुखण्याने झोपेतून उठतंय, तर व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.