1859 छापलंय म्हणून ती पहिली आवृत्ती होत नाही

एक संदेश बराच फिरतोय. त्याचा आशय असा: रद्दीत डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' सापडलं आणि आत 1859 दिसलं, तर ती पहिली आवृत्ती, लाखोंचा माल. वाचायलाच हवं असेल तर सहावी आवृत्ती घ्या, शेवटची म्हणजे सर्वांत अचूक. पानं डागाळली असतील तर ब्लीच करून नवी बांधणी करून घ्या.

आधी साल. मूळ प्रकाशनवर्ष म्हणून 1859 आजच्या पेपरबॅकवरही छापलेलं असतं. खऱ्या पहिल्या आवृत्तीच्या 1250 प्रती लंडनच्या जॉन मरेने हिरव्या कापडी बांधणीत काढल्या. पान 20, ओळ 11 वर 'स्पीशीज'च्या स्पेलिंगमध्ये 'सी'नंतर एक आगाऊ 'ई' पडला आहे. पण एवढ्यावर हुरळून जाऊ नका. हार्वर्डने 1964 मध्ये त्याच पानांची हुबेहूब प्रतिमुद्रा काढली, त्यात ही चूकही जशीच्या तशी उतरली आहे. शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या काही मोजक्या प्रतींवरही 1859 आहे. त्यांच्या शीर्षकपानावर 'फिफ्थ थाउजंड' (पाचवं हजार) असतं. अस्सल प्रत असली तरी 116 आणि 117 या पानांमधला घडीचा तक्ता आहे ना, ते पाहा. पुस्तकातली ती एकमेव आकृती, आणि घडीवरच फाटते.

'शेवटची म्हणजे अचूक' हे ऐकायला पटतं, म्हणून जास्त घातक. 1872 च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत पहिल्या आवृत्तीतली सुमारे तीन-चतुर्थांश वाक्यं बदलली होती, आणि त्यातले बरेच बदल टीकाकारांच्या दबावाखालचे. भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनने पृथ्वीचं वय फारच कमी काढलं होतं, म्हणजे संथ उत्क्रांतीला वेळच पुरत नव्हता. आक्षेपांना तोंड देताना डार्विनने अवयव वापरल्याने किंवा न वापरल्याने होणाऱ्या परिणामांना अधिक वजन दिलं. आज पाहता मूळ मांडणीच जास्त टिकली. सहावीत मिव्हार्ट या टीकाकाराला दिलेल्या उत्तराचं नवं सातवं प्रकरण मात्र वाचनीय आहे.

हातातल्या प्रतीत कोणता मजकूर आहे, हे अनुक्रमणिकेवरूनच कळतं. 15 प्रकरणं असतील तर सहावी. 14 असतील तर चौथ्याचं शीर्षक बघा: त्यात 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' असेल तर पाचवी. नसेल तर शेवटचं वाक्य वाचा. 'निर्मात्याने' प्राण फुंकल्याचा उल्लेख दुसऱ्या आवृत्तीपासून आला. तो नसेल तर मजकूर पहिलीचा. मागे शब्दसूची आहे म्हणून सहावी ठरवू नका, पहिलीच्या पुनर्मुद्रणांतही ती जोडलेली सापडते.

ब्लीच तर नकोच. त्याने कागदाचे तंतू तुटतात आणि उरलेला अंश पुढेही कागद खात राहतो. नव्या बांधणीत समास कापले जातात, मूळ कापड जातं आणि किंमतही घसरते. बुरशी असेल तर पुस्तक सावलीत, हवेशीर जागी पूर्ण सुकवा, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने घराबाहेर झाडा; ओलं असताना झाडलं तर डाग पसरतो. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरा, नंतर पाणी लावून ती सोडवता येते.