कुठलं हे ‘सरासरी कुटुंब’?

पुरे झालं आता! दर महिन्याला तेच, महागाई आटोक्यात आली. कोणाची? टीव्ही, मोबाइल, कपडे स्वस्त झाले म्हणे. सत्तरी ओलांडलेला माणूस दर महिन्याला टीव्ही घेतो का? त्याचा पैसा जातो रक्तदाबाच्या गोळ्यांत, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांत, डायपरांत, रात्री सोबतीला ठेवलेल्या बाईंच्या पगारात. यातलं टाळणार काय? महागाई मोजणाऱ्या निर्देशांकात मात्र सगळं वजन त्या ‘सरासरी कुटुंबा’च्या खर्चाला! संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगात दर सहा माणसांमागे एक पासष्टीच्या पुढचा असेल. मग कधी जागे होणार? अनेक देशांत पेन्शनची वाढ महागाईच्या याच आकड्यावर ठरते हो! गोळी अर्धी तोडून दोन दिवस पुरवणाऱ्या आजीला तुमची सरासरी काय कामाची?